बाजूच्या धडकेतली छाती: बरगडी-चाचणी प्रकल्पाच्या नोंदी

८ जुलै २०२४

विषय पक्का झाला. बाजूने धडक बसते तेव्हा माणसाची छाती कशी आणि किती वेगाने दबते, आणि ते मोजणाऱ्या डमीची, म्हणजे चाचणीत माणसाच्या जागी बसवायच्या पुतळ्याची, बरगडी कशी वागायला हवी. सरांची अट एकच: नुसतं कॉम्प्युटरवर मॉडेल चालवून रिपोर्ट द्यायचा नाही. काहीतरी हाताने बनवायचं, त्याच्यावर वजन टाकायचं आणि आलेख समोर ठेवायचा.

हा विषय मी मागून घेतला, कारण समोरच्या धडकेबद्दल सगळेच बोलतात. समोर बॉनेट असतं, इंजिन असतं, चुरगळायला जागा असते. बाजूला दाराचा पत्रा, आत काचेची यंत्रणा, ट्रिमचं प्लॅस्टिक, आणि त्यानंतर वीतभर अंतरावर थेट बरगड्या. रात्री अकरानंतर पुण्यातले सिग्नल पिवळे लुकलुकायला लागतात, तेव्हा चौकात आडवी येणारी गाडी जिथे आदळते ती ही जागा. पट्टा लावलेला असला तरी दार आत येणं पट्ट्याने थांबत नाही.

आपल्याकडचा नियम एआयएस-०९९. तो युरोपातल्या यूएन नियम ९५ च्या धर्तीवर बेतलेला आहे: ९५० किलोची, पुढे चुरगळणारा ठोकळा लावलेली ट्रॉली ५० किमी/तास वेगाने उभ्या गाडीच्या दारावर आदळवायची. नव्या मॉडेलना तो ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारा कार्यक्रम, आलं आणि लोक तारे मोजायला लागले. तीन किंवा जास्त तारे हवे असतील, तर गाडी २९ किमी/तास वेगाने आडवी नेऊन खांबावरही आदळवावी लागते. कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था, चाकणला त्यांचं दुसरं केंद्र, आजूबाजूला गाड्यांचे कारखाने. इतकं सगळं असलेल्या शहरात इंजिनिअरिंगच्या मुलांनी डमीची बरगडी हातात धरून पाहिलेली नसते. निदान आमच्या कॉलेजात तरी कुणी पाहिलेली नाही. पूर्ण डमी घेणं आम्हाला शक्यच नाही. एक बरगडी बनवणं शक्य आहे.

१० जुलै

दिवसभर नियम ९५ वाचला. त्यातली डमी ईएस-२: ७२ किलोची, प्रौढ पुरुषाच्या सरासरी बांध्याची, कोपराखाली हात नसलेली. छातीत तीन बरगड्या, तिन्ही एकसारख्या. प्रत्येक बरगडी म्हणजे पोलादी पट्टीचं वेटोळं, त्यावर फोमचा थर, आणि आत आडवा पिस्टन, स्प्रिंगा आणि डॅम्पर, म्हणजे हालचालीचा जोर जिरवणारा भाग. उजवीकडून किंवा डावीकडून, ज्या बाजूने धडक असेल तिकडे तोंड करून हे मॉड्यूल बसवता येतं.

पास व्हायचं तर:
बरगडी ४२ मिमीपेक्षा जास्त दबता कामा नये.
व्हिस्कस क्रायटेरियन, म्हणजे व्हीसी (दबण्याची खोली आणि वेग यांचा एकत्रित आकडा), १.० मी./से.च्या वर जाता कामा नये.
पोटावरचं बल २.५ किलोन्यूटनच्या आत, ओटीपोटाच्या हाडावरचं ६ च्या आत.

४२ मिमी हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. व्हीसीकडे फारसं कुणी बघत नाही. मला मात्र सुरुवातीपासून त्यातच रस आहे.

११ जुलै

गुरुवार, भोसरीची औद्योगिक वसाहत बंद. बरगडीच्या पोलादी पट्टीची चौकशी उद्या. ड्रॉप टॉवरचं रेखाटन पूर्ण केलं. दोन उभे दांडे, मध्ये सरकणारं वजन, वर विद्युतचुंबक, खाली बरगडी. नियमात बरगडी तपासायचं वजन ७.७८ किलोचं, तोंडाचा व्यास १५० मिमी. तेच घेणार.

२२ जुलै

शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडमना भेटलो, मी आणि प्रकल्पातला माझा जोडीदार. मॅडमनी टेबलावर बरगड्यांचा पूर्ण संच मांडून ठेवला होता. पुस्तकातल्या चित्रावरून जे कधी कळलं नव्हतं ते एका बरगडीवर बोट फिरवताना कळलं: ती सपाट वर्तुळ नसतेच, मागून पुढे येताना खाली उतरते आणि स्वतःभोवती जराशी पिळलेली असते. बारा जोड्यांपैकी वरच्या सात कूर्चेने थेट उरोस्थीला जोडलेल्या, पुढच्या तीन वरच्या बरगडीच्या कूर्चेला टेकलेल्या, शेवटच्या दोन पुढून मोकळ्या. बाजूने दाब आला की बरगडी बाहेरच्या वळणावर वाकते आणि तिथे, किंवा मागे मणक्याजवळ, मोडते.

मोडलेल्या बरगडीपेक्षा तिच्या आत काय होतं याची भीती मोठी. टोक फुप्फुसात घुसलं तर हवा छातीच्या पोकळीत भरते, रक्तही साठतं. लागोपाठच्या बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडल्या तर छातीचा तेवढा तुकडा सुटा होतो आणि श्वास घेताना उलटा, आत जातो. बरगडी न मोडताही फुप्फुसाला मुका मार बसू शकतो, महाधमनी फाटू शकते.

मग मॅडमनी एक गोष्ट सांगितली जी मी कुठल्याच अभियांत्रिकीच्या पुस्तकात वाचली नव्हती. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. त्याच्या दारावर धडक बसली की खालच्या बरगड्यांमागे यकृत असतं. अमेरिकेत, युरोपातल्या बहुतेक देशांत ड्रायव्हर डावीकडे, म्हणजे त्याच्या दाराशी प्लीहा. दोन्ही अवयव रक्ताने भरलेले, पण आकार वेगळा, वजन वेगळं, आणि बरगड्यांना मिळणारा आतला आधारही वेगळा. डमीला उजवं-डावं सारखंच. माणसाला नाही.

निघताना मी व्हीसीबद्दल विचारलं. मॅडम म्हणाल्या, "सीपीआर देताना आम्ही मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबतो. कधी बरगडी मोडते, पण हृदय फुटत नाही. तेवढीच छाती अपघातात काही मिलिसेकंदांत दबली तर चित्र वेगळं असतं. तुमचा तो आकडा हेच सांगत असणार." दाब समोरून की बाजूने हा फरक सोडला, तर अगदी हेच.

२६ जुलै

काल शहरात पाणी. सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहणारी मुलं आलीच नाहीत, त्यांच्या घरांत पाणी शिरलंय. वर्कशॉप बंद. आजचं काम नाही.

९ ऑगस्ट

व्हीसीचं मूळ शोधत होते, ते असं. लाऊ आणि व्हियानो या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलं की मऊ अवयवांची इजा दबण्याच्या खोलीवर आणि दबण्याच्या वेगावर एकत्रित अवलंबून असते. दोन्हींचा त्या-त्या क्षणीचा गुणाकार घ्यायचा आणि त्याचं शिखर बघायचं. वेग ३ मी./से.च्या खाली असेल तर नुसती खोली पुरते, चिरडण्याचा हिशोब. ३ ते ३० च्या मध्ये गुणाकाराशिवाय गत्यंतर नाही. गाडीच्या बाजूची धडक याच पट्ट्यात येते.

१९८९ च्या स्टॅप या अपघातातल्या इजांवरच्या परिषदेत व्हियानोंनी बाजूच्या आघातांचे निष्कर्ष दिले. २३.४ किलोचा, १५० मिमी व्यासाच्या सपाट तोंडाचा लंबक, वेग साधारण ४.५ पासून ९.४ मी./से.पर्यंत, आणि समोर देहदान केलेल्या माणसांचे मृतदेह. छातीला गंभीर इजा होण्याची शक्यता २५ टक्क्यांवर पोहोचते तिथे व्हीसी सुमारे १.५ मी./से. आणि दबणं सुमारे ३८ टक्के.

हे आकडे कुठून आले ते कायम लक्षात ठेवायचं ठरवलं. मिशिगन, डेट्रॉइटचं वेन स्टेट, हायडलबर्ग, फ्रान्समधली प्रयोगशाळा. डमीची छाती माणसासारखी आहे की नाही हे ठरवणारा जो आयएसओ ९७९० दस्तऐवज आहे त्यातले छातीसाठीचे अपेक्षित पट्टे अशाच देहांवरून आखलेत. त्या माणसांनी मरणानंतर शरीर दिलं म्हणून आज एका पोलादी पट्टीला 'ही बरगडीसारखी वागते' असं म्हणता येतं. आमच्या अहवालाच्या पहिल्या पानावर हे येणार. सरांनाही पटलं.

२१ ऑगस्ट

भोसरी. ईएन ४२ जातीची स्प्रिंग स्टीलची पट्टी मिळाली. आधी मऊ अवस्थेत वाकवायची, मग हार्डनिंग आणि टेंपरिंग. हीट ट्रीटमेंटवाले काका म्हणाले, वेटोळं उघडंच तेलात बुडवलं तर तोंड फाकणार. आत फिक्स्चर घालून आणा, मी जखडून टाकतो. फिक्स्चर आमच्या वर्कशॉपच्या लेथवर काढायचं ठरलं.

मापकासाठी लिनिअर पोटेन्शिओमीटर, म्हणजे सरळ रेषेतलं सरकणं मोजणारा भाग, हवा होता, नवा परवडत नव्हता. प्लॅस्टिकच्या इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर हेच बसवलेले असतात. मोडीत निघालेल्या मशीनचा एक तिथल्याच शेठनी दिला, तपासून. त्याचा ट्रॅक कुठे झिजलाय का ते मिलिमीटर-मिलिमीटर सरकवून पाहिलं. झिजलेला नाही.

६ सप्टेंबर

फोम नाना पेठेतल्या सीट कव्हरवाल्याकडून. तीन घनतांचे तुकडे घेतले. उद्यापासून गणपती, वर्कशॉप दहा दिवस अर्धवट चालू. चिकटवायचं काम घरी.

२५ सप्टेंबर

पहिलं वजन टाकलं.

नियमातलं कोष्टक समोर लावून ठेवलंय. वजन ५१ मिमीवरून टाकलं की १ मी./से., बरगडी १० ते १४ मिमी दबली पाहिजे. २०४ मिमीवरून २ मी./से., तिथे २३.५ ते २७.५. ४५९ मिमीवरून ३ मी./से., ३६ ते ४०. ८१५ मिमीवरून ४ मी./से., ४६ ते ५१.

हे कोष्टक जरा थांबून बघण्यासारखं आहे. पहिल्या ओळीपासून चौथीपर्यंत उंची सोळा पट वाढते, ऊर्जाही सोळा पट, साधारण ४ ज्यूलवरून ६२. दबणं मात्र चौपटच वाढतं, वेगाच्या प्रमाणात. म्हणजे बरगडी जवळजवळ सरळ रेषेत वागणारी स्प्रिंग असावी अशी अपेक्षा आहे. कोष्टक जुळवायचं एवढंच ध्येय असेल तर डॅम्पर न लावताही जमेल.

आम्ही मुद्दाम तेच करून पाहिलं. डॅम्पर काढून टाकला, स्प्रिंग कडक केली. दांड्यांच्या घर्षणात थोडा वेग जातो म्हणून उंची किंचित वाढवून, आदळण्याच्या जरा वर बसवलेल्या दोन प्रकाशकिरणांच्या गेटवर ३ मी./से. पक्का केला. बरगडी ३८ मिमी दबली. पट्ट्याच्या बरोबर मध्यात. जोडीदार टाळ्या वाजवायला लागला, तेवढ्यात वजन उसळून जवळपास सोडलं होतं तिथवर परत गेलं आणि दुसऱ्यांदा आदळलं. उसळलेलं वजन पकडायला आता कुत्रं, म्हणजे रॅचेटची कडी, बसवायला हवी.

माणसाची छाती अशी उसळत नाही. देहांवरच्या चाचण्यांच्या आलेखात बल चढतं त्या वाटेने उतरत नाही. मधली जागा म्हणजे छातीत जिरलेली ऊर्जा. आमच्या बरगडीने काहीच जिरवलं नाही आणि तरीही ती कोष्टकात पास झाली.

८ ऑक्टोबर

डॅम्पर बसला. मोटरसायकलच्या शॉकअपचे आतले भाग, पिस्टनमधलं छिद्र आमच्या टर्नर काकांनी नव्याने ड्रिल केलेलं. नुसता डॅम्पर वाढवला की दबणं ३६ च्या खाली जातं, म्हणून स्प्रिंग मऊ केली. आठवडाभर स्प्रिंग मऊ, छिद्र लहान, छिद्र मोठं, तेल पातळ, तेल जाड असं चाललं होतं. आज ३ मी./से.ला पुन्हा ३८ मिमी आलं. या वेळी वजन जेमतेम चार बोटं उसळलं.

काकांनी विचारलं, छिद्र एवढंसं कमी-जास्त करून काय मिळतं? मी तेलाचा रोध समजावून सांगत होते, तर तेच म्हणाले, "म्हणजे विहिरीसारखं. पायऱ्यांनी उतरलात तर पाणी वाट देतं. काठावरून आडवे पडलात तर तेच पाणी फोडून काढतं." इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. त्यांना विचारून अहवालात घेतलंय.

१९ ऑक्टोबर

आज दोन्ही आलेख एकावर एक ठेवले: २५ सप्टेंबरचा डॅम्परशिवायचा आणि ८ ऑक्टोबरचा डॅम्परचा. दोन्हींचं शिखर ३८ मिमी. फक्त शिखराचा आकडा पाठवला तर दोन्ही बरगड्या जुळ्या वाटतील.

मग व्हीसी काढला. पद्धत नियमातलीच: डिफ्लेक्शनचा, म्हणजे दबण्याचा, सिग्नल सीएफसी १८० या ठरावीक फिल्टरमधून काढायचा, प्रत्येक क्षणाचं दबणं ०.१४ मीटरने भागायचं, कारण डमीच्या अर्ध्या छातीची रुंदी १४० मिमी धरलेली आहे, आणि त्याला त्याच क्षणीच्या दबण्याच्या वेगाने गुणायचं. वेग काढताना शेजारच्या दोन-दोन नोंदी दोन्ही बाजूंनी घ्यायच्या, म्हणजे सिग्नलमधली खरखर वेगात मोठी होऊन येत नाही. नोंदी सेकंदाला किमान ८,००० हव्यात. आमच्या १०,००० आहेत.

डॅम्परशिवाय ०.४१ मी./से.
डॅम्परसह ०.३२ मी./से.

खोली तीच, वेग तोच, वजन तेच. डॅम्परशिवाय शिखर साधारण २० मिलिसेकंदांत आलं, डॅम्परसह २५ च्या आसपास. डॅम्पर सुरुवातीलाच, वेग सर्वांत जास्त असतो तेव्हा, सर्वांत जोरात विरोध करतो. त्यामुळे छाती खोल दबेपर्यंत वेग उतरलेला असतो आणि मोठी खोली नि मोठा वेग एकाच क्षणी भेटत नाहीत.

दुसरी गोष्ट. वेग २ वरून ४ मी./से. केला की दबणं दुप्पट होतं, व्हीसी चौपट. गुणाकारातले दोन्ही हिस्से दुप्पट होतात, दुसरं काही नाही. पण प्रत्यक्ष धडकेत याचा अर्थ मोठा आहे. दार आत येतं तेव्हा छातीला भिडणाऱ्या पत्र्याचा वेग, धडक खाल्लेली अख्खी गाडी ज्या वेगाने बाजूला ढकलली जाते त्यापेक्षा बराच जास्त असतो, कारण दार हलकं आणि ट्रॉली जड. म्हणून दारातल्या आडव्या पोलादी दांड्या, मधला खांब, उंबऱ्याची पेटी यांचं काम दार आत येण्याचा वेग कमी करणं हे आहे. अंतर थोडंसंच वाचलं तरी चालेल, वेग उतरला पाहिजे.

सर बराच वेळ आलेखाकडे बघत होते. मग म्हणाले, "हे पहिल्या सेमिस्टरच्या प्रेझेंटेशनला पुरेसं आहे. आता त्याला तिरकं मारा."

१४ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचं पहिलं काम. वजनाच्या तोंडाला १५ अंशांची पाचर लावली. खरं दार कधीच बरोबर काटकोनात येत नाही. धडकणारी गाडी पुढे सरकत असते, माणूस सीटवर जरा वळलेला असतो.

आलेख विचित्र आला. बरगडी ३१ मिमीपर्यंत नीट दबली आणि मग रेषा सरळ आडवी, कित्येक मिलिसेकंद. शिखर नाहीच, माथा कापल्यासारखा. तेवढ्या वेळात लोड सेलवर, म्हणजे बल मोजणाऱ्या मापकावर, बल मात्र चढतच होतं.

मापक अडकला का पाहिलं, नाही. वायर सैल का पाहिलं, नाही. पिस्टन बाहेर काढला तेव्हा दांड्याच्या एकाच बाजूला चकाकता ओरखडा दिसला. तिरक्या बलाने दांडा पितळेच्या बुशमध्ये, म्हणजे तो ज्या नळीतून सरकतो तिच्यात, कललेला आणि रुतलेला. बरगडी दबायचं थांबली होती, धडक थांबलेली नव्हती.

आणि मग ओळख पटली. हे तर नावाजलेलं दुखणं. ईएस-२ च्या आधीच्या डमीत, युरोसिड-१ मध्ये, गाड्यांच्या चाचण्यांत असेच सपाट माथ्याचे आलेख यायचे. त्या डमीच्या बरगडीचे पिस्टनही तिरक्या भाराने अडायचे. ईएस-२ करताना जे मुख्य बदल झाले त्यातला एक म्हणजे पिस्टनचं मार्गदर्शन नव्याने, बेअरिंगवर बसवणं. वाचलं होतं, पण स्वतःच्या स्क्रीनवर ती आडवी रेषा बघितल्यावर त्यामागची काळजी समजली.

काळजी ही की आकडा चांगला दिसतो. ३१ म्हणजे ४२ च्या कितीतरी आत. ज्या चाचणीत बरगडीला सर्वांत जास्त त्रास झाला, तिथेच ती सर्वांत सुरक्षित म्हणून नोंदली जाते. उरलेला भार पिस्टनमधून, चौकटीतून थेट मणक्यात जातो आणि मापकाला त्याचा पत्ताच नसतो. अशा आकड्यावर कुणी दाराचा पत्रा पातळ केला, तर ती गाडी विकत घेणाऱ्या घराला हे कसं कळणार? मला हे नुसतं तांत्रिक वाटत नाही. म्हणून अहवालात प्रत्येक आकड्याबरोबर पूर्ण आलेख जाणार. शिखराचं वेगळं कोष्टक देणार नाही.

२८ नोव्हेंबर

पितळेचा बुश काढून दोन लिनिअर बेअरिंग बसवली, एकमेकांपासून शक्य तितक्या दूर. दोन आधारांतलं अंतर वाढलं की कलायला वाव उरत नाही. दांड्याला हार्ड क्रोम करून आणलं. १५ अंशांवर आता आलेखाला गोल माथा येतो.

याच ओघात डमीच्या पाठीच्या पत्र्याची गोष्टही वाचली, ती इथे नोंदवून ठेवते. ईएस-२ ला पाठीमागे एक पत्रा असतो आणि बरगड्या नि तो पत्रा यांच्यात फट. काही गाड्यांत सीटच्या पाठीची कड त्या फटीत अडकायची आणि भार बरगड्यांना वळसा घालून मणक्यात जायचा. बरगड्या कमी दबलेल्या दिसायच्या. अमेरिकेने ही फट बरगड्या मागे वाढवून बुजवली, ती डमी ईएस-२आरई. तिच्यासाठी मर्यादा ४४ मिमी ठेवली. आजार तोच: भाराने दुसरी वाट काढली की मापकावर सगळं छान दिसतं.

१२ डिसेंबर

सकाळी साडेसातला वर्कशॉपच्या पत्र्याखाली थर्मामीटर १३ अंश. त्याच बरगडीने त्याच ३ मी./से.ला सकाळी ३४ मिमी दिले आणि दुपारी ३८. थंडीत फोम आखडतो, डॅम्परचं तेल जाड होतं. नियमात डमी तपासण्याच्या खोलीचं तापमान १८ ते २२ अंश का लिहिलंय, ते पुण्याच्या हिवाळ्याने समजावलं.

थर्मोकोलची पेटी करून आत बल्ब लावला. बरगडी आदल्या रात्रीपासून त्यात. दोन आघातांमध्ये फोमला सावरायला वेळ द्यायचा, घाईत लागोपाठ वजन टाकायचं नाही, हेही भिंतीवर लिहून लावलं. मे महिन्यात याच खोलीत उलट अडचण येणार.

६ जानेवारी २०२५

ही बरगडी कुणाची, हा प्रश्न काही दिवस सोडत नव्हता. ईएस-२ मध्यम बांध्याच्या पुरुषाची. लहान चणीच्या बाईसाठी एसआयडी-२एस नावाची वेगळी डमी अमेरिकेच्या नियमात आहे. यूएन ९५ च्या आणि आपल्या दाराच्या चाचणीत बसतो तो पुरुषच. माझी उंची त्या डमीपेक्षा बरीच कमी, त्यामुळे मी सीट पुढे ओढून बसते. माझ्या बरगड्यांसमोर दाराचा वेगळाच भाग येतो, कदाचित हात टेकवायचा कडक कोपरा.

आणि वय. अमेरिकेत आधी टीटीआय नावाचा छातीच्या इजेचा निर्देशांक वापरायचे. एपिंगर आणि सहकाऱ्यांनी तो १९८४ मध्ये मांडला. त्याच्या सूत्रात माणसाचं वय थेट १.४ ने गुणून मिळवलेलं असायचं, मग बरगडी आणि बाराव्या मणक्याच्या त्वरणांची सरासरी. म्हणजे त्वरण तेच असलं तरी सत्तर वर्षांच्या माणसाच्या खात्यावर तीस वर्षांच्या माणसापेक्षा ५६ अंक जास्त. बरगडीचं बाहेरचं कवच वयाबरोबर पातळ होतं, हे त्यामागचं कारण. मॅडमनी दाखवलेल्या संचातही म्हाताऱ्या बरगडीची कड हाताला हलकी लागली होती. डमीचं पोलाद म्हातारं होत नाही. ते काम इजेच्या शक्यतेच्या वक्रावर सोडलेलं असतं, आणि तो वक्र कुठल्या वयासाठी काढलाय हे बघितल्याशिवाय ४२ मिमी वाचू नये.

जोडीदाराने सुचवलं की मऊ स्प्रिंगची दुसरी, 'वयस्क' बरगडी करू. मी नको म्हणाले. वयाने बरगडी मोडायला सोपी होते, तिचं मोडणं आमच्या पोलादात येत नाही. नुसतं मऊ करून त्याला म्हातारपण म्हणणं योग्य होणार नाही.

२१ जानेवारी

८१५ मिमी, ४ मी./से., पेटीतलं तापमान २० अंश, डॅम्परसह: ४८ मिमी. सरळ आघाताच्या चारही ओळी आता पट्ट्यात. १५ अंशांवर ४ मी./से. एवढ्यात करणार नाही. ३ लाच दांड्यावर पुन्हा हलका ओरखडा दिसायला लागलाय.

३ फेब्रुवारी

पुढच्या बॅचच्या दोन मुली आज येऊन बसल्या. त्यांना टॉवर, पेटी, फिल्टरचा प्रोग्राम आणि सगळे कच्चे आलेख दिले, सपाट माथ्याचेही, नाव बदलून न लपवता.

त्यांनी विचारलं, नवी डमी वर्ल्डसिड, तिची मर्यादा ५५ मिमी, मग ती ढिली का? सांगितलं की दोन डमींचे मिलिमीटर एकमेकांशी ताडायचे नाहीत. यूएन नियम १३५ मध्ये २५४ मिमी व्यासाच्या खांबावर तिरकी धडक असते आणि त्यात वर्ल्डसिड बसते. तिच्यात खांद्याची एक, छातीच्या तीन आणि पोटाच्या दोन अशा बरगड्या, पिस्टनच्या सरळ मार्गाला न जखडलेल्या. मोजमापही वेगळं, आणि मर्यादा तिच्या स्वतःच्या वक्रावरून आलेली. तिरक्या दिशेचं दबणं पकडायचं तर मापकाला वळायला मोकळीक हवी, हे मात्र आमच्या टॉवरवरही करून बघता येईल: पिस्टन काढायचा, एका टोकाला सांधा असलेले दोन पोटेन्शिओमीटर त्रिकोणात बसवायचे आणि दोन लांब्यांवरून बिंदूची जागा काढायची. मुलींनी तेच घेतलं.

दोन्ही ब्रॅकेटची ड्रॉइंग संध्याकाळी भोसरीला पाठवली. जॉब पुढच्या मंगळवारी मिळेल, सांध्याची बेअरिंग त्याच शेठकडे आहेत.